परदुःख शीतळ का असतं?

दोस्तांनो, आज सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

मी सातवीत होतो. आमची 'अ' तुकडी आणि शेजारची 'ब' तुकडी यांच्यात दर डिसेंबरात क्रिकेटचा सामना व्हायचा. सामना कसला, युद्धच! आठ दिवस आधीपासून जिन्यात चिडवाचिडवी, फळ्यावर काहीबाही लिहून ठेवणं, पाण्याच्या टाकीपाशी धक्काबुक्की. त्या वर्षी 'ब' तुकडीचा एक मुलगा धाव घेताना अडखळला आणि धाडकन पडला. हात अंगाखाली आला. तो जोरात कळवळला. आणि आम्ही? आम्ही टाळ्या पिटल्या! यष्ट्या उडवून 'आउट, आउट' करत नाचलो. तो माझ्यापासून जेमतेम दहा पावलांवर होता. त्याचा वेडावाकडा झालेला चेहरा मला स्पष्ट दिसत होता. पण मी जागचा हललो नाही.

दुसऱ्या दिवशी कळलं, त्याचा हात मोडला होता.

आता हे ऐका. त्याच्या आदल्याच आठवड्यात आमच्या तुकडीतला एक जण पायऱ्यांवरून घसरला होता. नुसता गुडघा खरचटला होता. तर मी धावत जाऊन माझा रुमाल ओला करून त्याच्या गुडघ्याला बांधला होता! म्हणजे मी काही दगडाच्या काळजाचा नव्हतो. मग त्या दिवशी मैदानावर माझं काळीज कुठं गेलं होतं?

आपल्याकडे म्हणतात, 'परदुःख शीतळ'. दुसऱ्याचं दुःख आपल्याला थंडगार लागतं, त्याचा चटका बसत नाही. पण मग मित्राच्या गुडघ्याचा चटका मला कसा बसला? तोही 'दुसरा'च होता की! खरी गोम इथंच आहे. 'पर' कोण आणि 'आपला' कोण, हे आपलं मन ठरवतं. ते कसं ठरवतं याचा शास्त्रज्ञांनी बराच शोध घेतला आहे. त्या शोधाच्याच या गोष्टी.

त्याआधी एका शब्दाची ओळख करून घेऊ. कुणी पडलं की आपण 'अरेरे, बिचारा!' म्हणतो, ती सहानुभूती. पण त्याच्या जागी क्षणभर स्वतःला ठेवून 'याला आत्ता कसं वाटत असेल?' हे जाणवणं म्हणजे समानुभूती. आई भाजी चिरताना तिचं बोट कापलं, की तुम्हीच 'स्स्स' करता ना? तीच ती!

शर्टाचा रंग कोणता?

इंग्लंडमध्ये फुटबॉलचं वेड आपल्याकडच्या क्रिकेटसारखंच. मँचेस्टर युनायटेड आणि लिव्हरपूल या दोन संघांच्या चाहत्यांचं तर हाडवैर! मार्क लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लँकेस्टर विद्यापीठात एक प्रयोग केला. तो २००५ साली प्रसिद्ध झाला.

त्यांनी मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्या विद्यार्थ्यांना बोलावलं. 'तुम्हाला तुमचा संघ का आवडतो?' यावर थोडं लिहायला सांगितलं. मग 'पुढचा भाग पलीकडच्या इमारतीत आहे' म्हणून एकेकाला तिकडे पाठवलं. वाटेत काय झालं? एक तरुण पळत पळत आला, गवताच्या उतारावर घसरला आणि घोटा धरून ओरडू लागला. हे सगळं नाटक होतं बरं का! पण विद्यार्थ्यांना ते ठाऊक नव्हतं.

आता गंमत अशी, की तो पडणारा तरुण कधी मँचेस्टरचा शर्ट घालायचा, कधी लिव्हरपूलचा, तर कधी साधाच. मँचेस्टरचा शर्ट होता तेव्हा १३ पैकी १२ जण मदतीला थांबले. लिव्हरपूलचा होता तेव्हा १० पैकी फक्त ३. साध्या शर्टाला १२ पैकी ४. घोटा तोच, ओरडणं तेच, फक्त शर्ट बदलला!

पण गोष्ट इथं संपत नाही. दुसऱ्या खेपेला वेगळ्या विद्यार्थ्यांना लिहायचा विषय बदलून दिला. 'माझा संघ' ऐवजी 'फुटबॉलचा चाहता असण्यातली मजा'. बाकी सारं तसंच. या वेळी मँचेस्टरच्या शर्टाला १० पैकी ८ जणांनी मदत केली आणि लिव्हरपूलच्या शर्टाला १० पैकी ७ जणांनी! एरवीचा वैरी आता 'आपल्यासारखाच फुटबॉलवेडा' झाला होता. साध्या शर्टाच्या मुलाला मात्र ९ पैकी २ जणच थांबले. कुंपण मोठं झालं, तरी तो बिचारा बाहेरच राहिला.

तुम्ही म्हणाल, 'पण संघांचं वैर जुनं असतं. त्याला काही कारण असतं.' बरं, मग पुढची गोष्ट ऐका.

ठिपके मोजणारी मुलं

हेन्री ताइफेल हे मूळचे पोलंडमधले ज्यू. दुसऱ्या महायुद्धात ते फ्रेंच सैन्यात होते, जर्मनांच्या कैदेत सापडले. युद्ध संपल्यावर परत आले, तर जवळचं जवळजवळ कुणीच उरलं नव्हतं. नाझींनी सगळ्यांना संपवलं होतं. ताइफेल युद्धात अनाथ झालेल्या मुलांसाठी काम करू लागले. 'माणसं दुसऱ्या माणसांना इतकं परकं कशी मानू शकतात?' हा प्रश्न त्यांच्या डोक्यातून जाईना. पुढे ते मानसशास्त्रज्ञ झाले, आणि या प्रश्नाचा शोध त्यांनी शाळेतल्या मुलांपासून सुरू केला.

ब्रिस्टल शहराजवळच्या एका शाळेतली ६४ मुलं त्यांनी घेतली. वय १४-१५, म्हणजे तुमच्यातल्या मोठ्यांएवढीच. पडद्यावर भराभर ठिपके दाखवले आणि विचारलं, 'किती होते?' मग सांगितलं, 'तुम्ही जास्त सांगणाऱ्यांच्या गटात, तुम्ही कमी सांगणाऱ्यांच्या.' खरं तर ही वाटणी निव्वळ नशिबावर केलेली होती! दुसऱ्या प्रयोगात दोन चित्रकारांची, क्ले आणि कॅन्डिन्स्की यांची चित्रं दाखवली आणि 'तू क्लेवाला, तू कॅन्डिन्स्कीवाला' असे गट पाडले.

मग प्रत्येकाला एकट्याला बसवून सांगितलं, की दुसऱ्या दोन मुलांना थोडे थोडे पैसे वाट. स्वतःला काही मिळणार नव्हतं. ती दोन मुलं कोण हेही ठाऊक नव्हतं. फक्त क्रमांक आणि गट एवढंच कागदावर.

तुम्हाला काय वाटतं? मुलांनी सारखे पैसे वाटले? बहुतेकांनी आपल्या गटाला जास्त दिले. त्याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. कधी कधी आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण समोरच्या गटापेक्षा जास्त मिळाले पाहिजेत, असाही हिशेब मुलांनी केला! आणि ही सगळी मुलं एकाच शाळेतली, एकमेकांना ओळखणारी. मध्ये ना जुनं भांडण, ना कसली स्पर्धा. फक्त एक पाटी चिकटवली होती, तीही खोटी.

१९७० साली ताइफेलनी हे निष्कर्ष मांडले, तेव्हा भले भले चकित झाले. 'आपण' आणि 'ते' व्हायला किती थोडं पुरतं!

गरुड आणि नाग

पाट्या चिकटल्यावर पुढे काय होतं? अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात १९५४ च्या उन्हाळ्यात मुझफ्फर शेरीफ या शास्त्रज्ञांनी एक शिबिर भरवलं. २२ मुलं, वय सुमारे ११. साऱ्यांची घरं एकसारखी, पण मुलं एकमेकांना अनोळखी. त्यांचे दोन गट पाडून आधी वेगवेगळे ठेवले. एका गटानं आपलं नाव ठेवलं 'ईगल्स', म्हणजे गरुड. दुसऱ्यानं 'रॅटलर्स', म्हणजे शेपटी खुळखुळवणारे विषारी नाग.

मग दोघांमध्ये सामने लावले. बेसबॉल, रस्सीखेच. बक्षिसं फक्त जिंकणाऱ्यांना. झालं! चिडवाचिडवी, एकमेकांचे झेंडे जाळणं, रात्री दुसऱ्यांच्या खोलीवर धाड, सामानाची नासधूस. एकत्र जेवायला बसवलं, तर अन्नच एकमेकांच्या अंगावर फेकलं!

हे भांडण मिटवायचं कसं? उपदेश करून? छे! शेरीफनी एकट्या गटाला सुटणार नाहीत अशी संकटं उभी केली. पाण्याचा पुरवठा बंद पडला, तेव्हा सगळ्यांनी मिळून बिघाड शोधला. जेवण आणायला निघालेला ट्रक 'बंद पडला', तेव्हा ज्या दोरानं रस्सीखेच खेळले होते, त्याच दोरानं साऱ्यांनी मिळून तो ओढला! अशी दोन-चार कामं झाल्यावर हळूहळू राग निवळला. शिबिर संपलं तेव्हा सगळे एकाच बसनं घरी निघाले. रॅटलर्सकडे बक्षिसाचे पाच डॉलर शिल्लक होते. वाटेत त्यांनी त्याचं दूध-पेय घेतलं. कुणासाठी? ईगल्ससकट सर्वांसाठी!

या गोष्टीची एक कमी माहीत असलेली बाजूही आहे. आदल्या वर्षी, १९५३ मध्ये, शेरीफनी असंच एक शिबिर घेतलं होतं. तिथं मुलांना आधी एकत्र राहू दिलं, मैत्री होऊ दिली आणि मग गट पाडले. मोठ्यांनी गुपचूप खोड्या काढल्या आणि आळ दुसऱ्या गटावर येईल असं पाहिलं. पण मुलं काही भांडेनात! 'हे काम मोठ्यांचंच दिसतंय' असा संशय त्यांना आला आणि प्रयोग गुंडाळावा लागला. आधी झालेली मैत्री पाटीपेक्षा चिवट निघाली.

मुलांना न सांगता असे प्रयोग करणं आज कुणालाही मान्य होणार नाही, आणि ते बरोबरच आहे. पण या दोन शिबिरांनी जे दाखवलं, ते विसरण्यासारखं नाही.

मुलीच मायाळू असतात?

'मुलींना दुसऱ्याचं दुःख लगेच कळतं. मुलगे आपले आडदांड!' हे वाक्य तुम्ही घरात नक्की ऐकलं असेल. खरं आहे का ते?

'तुम्ही किती मायाळू आहात?' असं विचारलं, तर बायका स्वतःला पुरुषांपेक्षा जास्त गुण देतात, असं बऱ्याच पाहण्यांत दिसलं आहे. पण २००१ साली अमेरिकेत क्लाइन आणि हॉजेस या दोघींनी एक युक्ती केली. एका तरुणीचं बोलणं व्हिडिओवर दाखवायचं आणि मग विचारायचं, 'या क्षणी तिच्या मनात काय चाललं असेल?' बरोबर ओळखलं तर पैसे! पैसे मिळणार म्हटल्यावर पुरुषांनीही चांगलं लक्ष दिलं आणि पुरुष-बायकांमधला फरक नाहीसा झाला.

याचा अर्थ काय? जमत नाही म्हणून नव्हे, तर लक्ष दिलं नाही म्हणून दुसऱ्याचं मन कळत नाही, असं पुष्कळदा होतं. तेव्हा मुलग्यांनो, 'आम्हाला नाही बुवा कळत' ही सबब आता चालायची नाही! आणि मुलींनो, तुम्हीही गाफील राहू नका. मधल्या सुट्टीत एखाद्या नव्या मुलीला घोळक्याबाहेर ठेवता, तेव्हा ती माया कुठं जाते?

उंदरांची शिकवणी

आता माणसं सोडून जरा उंदरांकडे जाऊ. शिकागो विद्यापीठात एक उंदीर पारदर्शक नळीत अडकवून ठेवला आणि त्याच्या पिंजऱ्यातला सोबती बाहेर मोकळा सोडला. नळीचं दार फक्त बाहेरून उघडायचं. मोकळा उंदीर आधी भांबावला, पण काही दिवसांच्या खटपटीनंतर दार उघडायला शिकला आणि सोबत्याला सोडवू लागला. शेजारी चॉकलेटचे तुकडे ठेवलेली नळी होती. एकट्यानं सगळे मटकावता आले असते. पण त्यानं सोबत्यालाही सोडवलं आणि पुष्कळदा खाऊही त्याच्यासाठी उरला! हे २०११ साली प्रसिद्ध झालं.

उंदराच्या मनात नेमकं काय चालतं, हे त्याला काही विचारता येत नाही. पण त्याच शास्त्रज्ञांचा २०१४ चा प्रयोग फार बोलका आहे. पांढरा उंदीर अनोळखी पांढऱ्या उंदराला सोडवायचा. पण डोकं-खांदे काळे असलेल्या जातीचा अनोळखी उंदीर अडकला, तर सोडवत नसे. मग त्याला दोन आठवडे एका काळ्या डोक्याच्या उंदराबरोबर ठेवलं. आणि काय! आता तो त्या जातीच्या अनोळखी उंदरांनाही सोडवू लागला. एकाशी ओळख झाली आणि साऱ्या जातीचं परकेपण गेलं!

काही पांढरी पिल्लं तर जन्मापासून काळ्या डोक्याच्या उंदरांत वाढवली होती. मोठी झाल्यावर ती कुणाला मदत करू लागली? काळ्या डोक्याच्या उंदरांना. स्वतःच्या पांढऱ्या जातीच्या अनोळखी उंदरांना नाही! म्हणजे 'आपला कोण' हे रक्तात लिहिलेलं नव्हतं. ते सहवासानं ठरलं होतं.

तुकड्यांचं कोडं

उंदरांचं सोडा, शाळेत हे जमतं का? १९७१ साली अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन घरांतल्या मुलांच्या शाळा एकत्र केल्या गेल्या. तोवर ती वेगवेगळ्या शाळांत शिकत होती. आता ती एका वर्गात आली, पण मनं कुठं एकत्र आली होती? मारामाऱ्या सुरू झाल्या.

एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञांना शाळेनं मदतीला बोलावलं. त्यांनी पाहिलं, की वर्गात सारखी चढाओढ चालू आहे. बाईंनी प्रश्न विचारला की हात वर, आणि एकाचं चुकलं की दुसऱ्याला आनंद! मग त्यांनी पाच-सहा मुलांचे मिश्र गट केले. धड्याचे तुकडे करून प्रत्येकाला एकेक दिला. आपला तुकडा आपण नीट समजून घ्यायचा आणि बाकीच्यांना शिकवायचा. परीक्षा मात्र साऱ्या धड्यावर!

आता ज्याला इंग्रजी नीट बोलता येत नाही, त्याला हसून चालेना. त्याचा तुकडा दुसऱ्या कुणाकडेच नव्हता! मुलं त्याला धीर देऊ लागली, नीट प्रश्न विचारू लागली. काही आठवड्यांत मुलं एकमेकांना आवडू लागली, शाळाही आवडू लागली आणि मागे पडणाऱ्या मुलांचे गुणसुद्धा वाढले.

तो महापूर

आपल्या महाराष्ट्रानंही हे पाहिलं आहे. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझ इथं २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. लोकल बंद, रस्ते पाण्याखाली. शेकडो माणसं दगावली. लाखो लोक कमरेइतक्या पाण्यातून चालत घरी निघाले. त्या रात्री ठिकठिकाणच्या लोकांनी चहा, पाणी, बिस्किटं घेऊन रस्त्यावर धाव घेतली. हाताला हात धरून साखळ्या केल्या. अनोळखी माणसांना घरात झोपायला जागा दिली. 'तुमचं आडनाव काय? गाव कुठलं?' असं कोण विचारत बसणार! एका रात्रीपुरती सगळ्यांची पाटी एकच होती : पुरात अडकलेली माणसं.

प्रश्न एवढाच, की त्यासाठी पुराचीच वाट कशाला पाहायची?

तो हात मोडलेला मुलगा

माझी गोष्ट अर्धी राहिली होती. सामन्यानंतर थोड्याच दिवसांत स्कॉलरशिपचा जादा तास सुरू झाला. दोन्ही तुकड्यांतली निवडक मुलं एकत्र बसायची. आणि सरांनी त्या प्लास्टरवाल्याला नेमकं माझ्या बाकावर बसवलं! 'याच्या वहीत तू लिहायचंस,' मला म्हणाले. मी मनातून धुमसत होतो. 'ब' तुकडीवाल्याची वही मी का लिहू?

पण बाक एकच, पुस्तक एकच. त्याचं गणित माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. तो तोंडानं रीत सांगायचा, मी लिहायचो. हळूहळू डबे एकत्र उघडू लागले. त्याला डाव्या हातानं चपाती तोडता यायची नाही, तेव्हा मी तोडून द्यायचो. एके दिवशी मीच विचारलं, 'फार दुखलं होतं का रे?'

तो म्हणाला, 'हात दुखलाच. पण तुम्ही टाळ्या वाजवल्या ना, त्याचं जास्त वाईट वाटलं.'

मला काय बोलावं सुचेना. 'चुकलं माझं,' एवढंच कसंबसं म्हणालो. तो हसला आणि म्हणाला, 'असू दे. मीपण वाजवल्या असत्या.'

पुढच्या वर्षी सामना पुन्हा झाला. तितकाच अटीतटीचा! आमच्या एकाच्या नाकावर चेंडू बसला आणि रक्त आलं. पाण्याची बाटली घेऊन सगळ्यांत आधी कोण धावत आलं, ओळखा बघू. सामना आम्ही हरलो, ती गोष्ट वेगळी!

दोस्तांनो, सामने खेळायचेच. आपली तुकडी, आपली शाळा, आपलं गाव यांचा अभिमानही हवाच. पण कुणी पडलं, की शर्टाचा रंग बघायच्या आधी त्याचा चेहरा बघायचा, एवढं आपण नक्की करू शकतो.

करून बघा!

१. वर्गातल्या ज्या मुलाशी किंवा मुलीशी तुम्ही कधीच बोलला नाहीत, त्यांच्याबरोबर या आठवड्यात एकदा डबा खा. दोघांना आवडणाऱ्या तीन गोष्टी शोधून काढा.

२. चौघांनी मिळून एक धडा चार तुकड्यांत वाटून घ्या. एकमेकांना शिकवा. मग एकमेकांची तोंडी परीक्षा घ्या.

३. कुणाचा राग आला, तर आज त्याचा दिवस सकाळपासून कसा गेला असेल, ते त्याच्या जागी बसून पाच ओळींत लिहा. कुणाला दाखवू नका, फाडून टाकलंत तरी चालेल.

आणि आई-बाबा, एक विनंती तुम्हालाही. मुलांच्या अंगावरच्या बऱ्याचशा पाट्या घरातच तयार होतात. 'तसल्या मुलांत खेळू नकोस', 'त्या वस्तीतली मुलं अशीच', हे आपण सहज बोलून जातो आणि कोवळ्या कानांत ते पक्कं बसतं. मूल नव्या मित्राचं नाव सांगेल, तेव्हा 'कुणातला आहे तो?' असं विचारण्याऐवजी 'त्याला एकदा घरी घेऊन ये की!' असं म्हणून बघा.